शेऱ्याचा रकाना

"एका ओळीचं काम आहे, बाई. ओळीचं तरी कसलं, दोन शब्दांचं," असं म्हणत साहेब उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं.

साहेबानं स्वतः दार लावणं म्हणजे काय, हे शेरेबाईंना कुणी सांगायला नको होतं. एकोणतीस वर्षं त्यांनी तक्रारींच्या खिडकीत काढली होती आणि आठ साहेब पाहिले होते. एरवी दार लावायचं तर शिपायाला हाक जाते. साहेब स्वतः उठला, की समजायचं, आत जे बोललं जाणार ते शिपायाच्याही कानावर जायला नको आहे.

शेरेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तक्रारवहीत शेवटचा रकाना असतो शेऱ्याचा. तक्रारीचं पुढे काय झालं ते तिथं लिहायचं. बाईंचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, म्हणून तो रकाना पहिल्यापासून त्यांच्याकडे. कुणीतरी गमतीनं शेरेबाई म्हणालं, ते चिकटलं आणि मग पगारपत्रक सोडून सगळीकडे त्या शेरेबाईच झाल्या.

"पान एकशे बेचाळीस," साहेब म्हणाले. "कालव्यावरचा चालायचा पूल. तुमचा शेरा आहे 'वर्ग, निकाली'. त्याच्यापुढे जागा आहे. तुम्ही नेहमी सोडताच. तिथं 'पूल दुरुस्त' लिहा आणि तारीख टाका, बारा."

"पण साहेब, पूल तर..."

"पूल होईल हो दुरुस्त! पुढच्या महिन्यात होईलच. आपण जरा आधी लिहितोय, एवढंच."

असं म्हणून साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पुलावरून एकोणीस तारखेला एक म्हातारा खाली पडला होता. कठड्याला धरायला गेला आणि कठडाच नव्हता. कंबरेचं हाड मोडलं, आता सरकारी दवाखान्यात पडून होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि प्रांतसभेच्या समितीनं उद्या अकरा वाजता कार्यालयात येऊन वह्या बघायचं ठरवलं. पूल बाराला दुरुस्त झाला म्हटलं, की एकोणीसला म्हातारा पुलामुळे पडला असं राहत नाही. वयामुळे पडला, तोल गेला म्हणून पडला. दोन शब्दांत सगळा दोष म्हाताऱ्याच्या अंगावर.

आणि त्या म्हाताऱ्याला बाई ओळखत होत्या. पोस्टमनकाका. चौदा महिने दर सोमवारी तो त्यांच्या खिडकीशी येत होता.

"तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी आहे?" साहेबांनी मध्येच विचारलं.

"तशीच."

"सीमेजवळच्या कार्यालयात माणूस हवाय म्हणून दोनदा पत्र आलंय. आठ तासांचा बसचा रस्ता. मी म्हटलं, आमच्या बाईंना नको, घरी आजारी माणूस आहे." साहेबांनी चष्मा पुसला. "माणसानं माणसाला सांभाळून घ्यावं."

झालं! एवढं बोलायलाच दार लावलं होतं. बाईंच्या नवऱ्याची उजवी बाजू तीन वर्षांपूर्वी गेली होती. सकाळी त्याला उठवून बसवायचं, संध्याकाळी झोपवायचं, हे बाईंशिवाय कुणाला जमत नव्हतं. खालच्या मजल्यावरची नणंद दिवसभर बघायची, पण तिचे स्वतःचेच गुडघे गेलेले. आठ तासांवर बदली झाली, तर त्या घराचं काय होणार, हे साहेबालाही माहीत होतं आणि बाईंनाही.

"लिहा," साहेबांनी पेन पुढे केलं.

बाईंनी पान एकशे बेचाळीस उघडलं. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. "हे चालायचं नाही, साहेब. ही शाई निळसर काळी आहे. मी माझ्या घरच्या दौतीतली भरते, आणि आजची संपली. तुमच्या पेनानं लिहिलं तर शेंबड्या पोरालासुद्धा कळेल की मागाहून लिहिलंय."

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "खरंय. शाई जुळायलाच हवी. उद्या येताना भरून आणा. पण समिती यायच्या आत!"

एक रात्र मिळाली. ती मिळवून करायचं काय, हे मात्र बाईंना ठाऊक नव्हतं.

घरी जाताना त्या कार्यालयाच्या भिंतीपाशी थांबल्या. सहा वर्षांपूर्वी प्रांताला स्वतःचं सरकार मिळालं, तेव्हा त्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'आता जाब विचारायला लांब जायला नको.' त्याआधी नळाला गढूळ पाणी आलं तरी कागद राजधानीला जायचा आणि उत्तर यायच्या आत तक्रारदार म्हातारा व्हायचा. आता रस्ते, पाणी, दवाखाने, पूल, सगळं इथल्या माणसांच्या हातात आलं होतं. बाईंना ते वाक्य मनापासून आवडलं होतं. रंगारी रंगवत होता, तेव्हा 'विचारायला'तला एक काना राहिला होता, तो त्यांनीच उन्हात उभं राहून घालून घेतला होता.

आणि झालं काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुलाचंच घ्या. रस्तेखातं म्हणालं, पूल कालव्यावर आहे, कालवेखात्याकडे जा. कालवेखातं म्हणालं, कालवा आमचा, त्यावरून चालणारी माणसं नगराची. नगर म्हणालं, हा पूल राजधानीनं बांधला, आम्हाला दिलेल्या यादीत नाही. राजधानीनं कळवलं, सगळे पूल प्रांताला दिले, आम्हाला विचारू नका. प्रांतानं तो पुन्हा रस्तेखात्याकडे धाडला. दर वेळी कागद बाईंच्या टेबलावर यायचा, नवा क्रमांक घ्यायचा आणि पुढे जायचा. शेऱ्यात बाई लिहायच्या 'वर्ग', म्हणजे दुसऱ्या खात्याकडे पाठवली.

मग एक परिपत्रक आलं. 'वर्ग केलेल्या तक्रारी या कार्यालयापुरत्या निकाली समजाव्यात.' आधी बाई सगळं लिहायच्या: 'वर्ग, या कार्यालयापुरती निकाली.' रकाना अरुंद, अक्षर मोठं. आठवड्याभरात 'या कार्यालयापुरती' गळून पडलं. उरलं 'वर्ग, निकाली'. कुणी सांगितलं नव्हतं. जागा वाचते म्हणून बाईंनी स्वतःच गाळलं होतं.

पोस्टमनकाकानं ते बरोबर पकडलं होतं. खिडकीच्या अर्धगोल भोकातून वाकून म्हणाला होता, "बाई, तुमचं पत्र आलं, तक्रार निकाली निघाली म्हणून. मी पेढे वाटायलाच निघालो होतो. म्हटलं जाता जाता पूल बघावा. पूल आपला तसाच! निकाली म्हणजे काय हो?"

"निकाली म्हणजे निकाली, काका. आमच्याकडून पुढे गेली."

"अस्सं." काकानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. पत्ता चुकला तर पत्र दुसऱ्याच्या थैलीत टाकायचो. पण 'पोचलं' असं कधी लिहिलं नाही हो. पोचलं म्हणजे माणसाच्या हातात पडलं. बाकी सगळा नुसता प्रवास."

मागची रांग हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "पुढचे या." तेवढंच. गेले दोन सोमवार काका आला नाही, तेव्हा बाईंना बरंच वाटलं होतं. सुटले एकदाची, असं मनात आलं होतं. ते आता आठवलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

रात्रीचं जेवण भरवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला आणि आता तोंडात उरले होते मोजून पाच-सात शब्द.

"चूक," तो म्हणाला.

"चूक तर आहेच. पण कुणाची? साहेबाचीच ना?"

त्यानं डावा हात उचलला आणि बोट बाईंकडे केलं.

"माझी?" बाई ताडकन उठल्या. "परिपत्रक मी काढलं? कठडा मी तोडला? तुम्हाला काय जातंय बोट दाखवायला! बदली झाली तर तुम्हाला उठवणार कोण, तुमची बहीण? तिला स्वतःला उठवायला माणूस लागतो!"

नवऱ्यानं बोट खाली घेतलं नाही. बाई स्वयंपाकघरात गेल्या, भांडी घासली नाहीत तर आपटली, आणि मग ओट्याशी उभ्या राहून रडल्या. परत आल्या तेव्हा तो तसाच जागा होता. त्यानं तोच डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. झोपायच्या आधी बाईंनी दौत काढली आणि पेन काठोकाठ भरलं. लिहायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण रिकामं पेन घेऊन जायची सवय नव्हती.

सकाळी त्या तासभर आधी निघाल्या आणि नेहमीचा रस्ता सोडून कालव्याकडे वळल्या. एकोणतीस वर्षांत शेकडो नळ, गटारं, दिवे, पूल त्यांच्या रकान्यातून गेले होते. त्यातली एकही जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

पूल अरुंद होता. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या. तिसऱ्या खांबापासून पलीकडच्या टोकापर्यंत उजवीकडे कठडाच नव्हता. त्याच्या जागी कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. खाली पाणी जोरात होतं.

"मधून चाला, बाई!" मागून एक भाजीवाली ओरडली. "ती काळी फळी हलते. तिच्यावर पाय देऊ नका, म्हातारा तिथंच पडला!"

बाईंनी काळी फळी ओलांडली. समोरून शाळेच्या मुली येत होत्या, एकामागे एक, दोरीला हात लावत. एक लहानगी काळ्या फळीवरून उडी मारून गेली आणि खिदळली. तिच्या लेखी तो खेळ होता. बाई पलीकडे पोचल्या आणि पुलाच्या पायरीवर मटकन बसल्या.

हे सगळं सात वेळा निकाली निघालं होतं. त्यांच्या सुंदर अक्षरात.

कार्यालयात पाय ठेवताच साहेब समोर आले. "शाई?"

"आणली आहे."

"मग उरका पटकन..." तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं वाजली. समिती पाऊण तास आधीच आली होती. साहेब कोट सावरत धावले आणि जाता जाता वळून म्हणाले, "लिहून वही घेऊन वर या!"

बाईंनी वही उघडली. पान एकशे बेचाळीस. पेनाचं टोपण काढलं. निळसर काळी शाई टोकाशी आली. शिपाई दारात उभा राहून बघत होता. वीस वर्षांचा शेजार होता त्याचा, काहीतरी चाललंय एवढं त्याला कळत होतं. बाईंनी टोपण लावलं, वही मिटली आणि जिना चढू लागल्या. प्रत्येक पायरीला वही जड होत होती.

वरच्या दालनात लांब टेबलाशी समितीचे पाच जण होते. मागच्या बाकावर पोस्टमनकाकाची लेक बसली होती. शिवणकाम करायची ती, बोटांवर सुईच्या खुणा. मांडीवर बापाची जुनी टपालाची थैली, त्यात सगळे कागद. साहेब उभं राहून बोलत होते.

"वर्षभरात दोन हजार एकशे तक्रारी. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव निकाली!"

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. त्यांना जांभई येत होती.

टोकाला एक बाई बसल्या होत्या. निवडून यायच्या आधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी कागद बाजूला सारला. "मला एकाच तक्रारीचं विचारायचंय. कालव्यावरचा पूल."

"दुर्दैवी घटना!" साहेबांनी मान हलवली. "पण पूल बारा तारखेलाच दुरुस्त झाला होता. त्या गृहस्थांचा एकोणीसला तोल गेला. वय झालं की व्हायचंच. आमच्याकडे नोंद आहे. बाई, वाचून दाखवा."

मागच्या बाकावर लेकीनं मान वर केली. चौदा महिने बाप ओरडत होता आणि आता म्हणे त्याचा तोल गेला.

शेरेबाईंनी वही टेबलावर उघडली. बोट ओळीवर टेकवलं. "विषय, कालव्यावरच्या पुलाचा कठडा तुटला आहे व एक फळी हलते. शेरा, वर्ग, निकाली."

"पुढचं वाचा," साहेब म्हणाले.

"पुढे काही लिहिलेलं नाही, साहेब."

साहेबांनी वाकून वहीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"निकाली म्हणजे दुरुस्त झाला का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. अगदी साधा प्रश्न. काकानं विचारला होता तोच.

"नाही," शेरेबाई म्हणाल्या. एकदा तोंडातून गेलं आणि मग थांबता येईना. "निकाली म्हणजे माझ्या टेबलावरून गेली. ही तक्रार सात वेळा आली माझ्याकडे, सात वेगवेगळ्या क्रमांकांनी. हे बघा, पान बारा. पान एकतीस. पान सत्तावन्न." त्या पानं उलटत गेल्या. "पूल एकच. आणि त्या अठ्ठ्याण्णवांत तो सात वेळा मोजलाय, सातही वेळा निकाली."

"कारकुनाची चूक आहे, अध्यक्षमहाराज!" साहेब मध्येच म्हणाले. "नोंदी यांच्याच हातच्या आहेत."

"माझ्याच आहेत," शेरेबाई म्हणाल्या. "अक्षर माझं आहे. परिपत्रक वरून आलं खरं, पण 'या कार्यालयापुरती' एवढे शब्द मीच गाळले. रकान्यात मावत नव्हते म्हणून. काकांनी मला विचारलं होतं, निकाली म्हणजे काय. मी सांगितलं नाही. पुढचे या म्हटलं. ते टपालात होते. म्हणायचे, दुसऱ्याच्या थैलीत टाकलं म्हणून पत्र पोचलं असं लिहीत नसतात. आणि काल मला सांगितलं गेलं की इथं 'पूल दुरुस्त' लिही, तारीख बारा. आज मी त्याच पुलावरून चालत आले. तिसऱ्या खांबापुढे कठडा नाही. शाळेच्या मुली कपड्यांच्या दोरीला धरून जातात."

"कुणी सांगितलं लिहायला?" अध्यक्षांची जांभई पळाली होती.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. नाव घ्यायची वेळच आली नाही. साहेबच खाली बसले होते.

मास्तरीणबाईंनी वही स्वतःकडे ओढून घेतली. "वर्ग केलेल्या सगळ्या वजा करा आणि मला पुन्हा सांगा, शंभरातल्या किती," त्या म्हणाल्या. उत्तर यायला दुपार झाली. शंभरातल्या एकतीस. पुलासाठी समितीनं आठ दिवस दिले आणि खात्याचं नव्हे, एका माणसाचं नाव लिहून घेतलं. ते काम झालं नाही तर त्या माणसाला प्रांतसभेत उभं करू, असं बजावलं. पूल कुणाचा हा वाद, सहा वर्षं भिजत पडलेलं ते घोंगडं, त्या दुपारपुरतं तरी उचललं गेलं.

जिन्यात लेकीनं शेरेबाईंना गाठलं. बाईंना वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायलाच हवी. पण ती नुसती बघत राहिली, मग थैली छातीशी धरून निघून गेली. बाईंना ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या सोमवारी ती खिडकीशी आली. तिच्या हातात कागद नव्हता. "बाबांनी निरोप दिलाय," ती म्हणाली. "म्हणाले, बाईंना एवढंच सांग, 'पोचलं'."

रांगेतल्या पुढच्या माणसाला त्या दिवशी बराच वेळ थांबावं लागलं.

आठव्या दिवशी कठडा बसला आणि काळी फळी गेली. त्या दिवशी बाई पुन्हा कालव्यावर गेल्या. कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला, या टोकाहून त्या टोकाला गेल्या, परत आल्या. कार्यालयात येऊन पान एकशे बेचाळीस उघडलं आणि सोडलेल्या जागेत त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं: 'पूल दुरुस्त. स्वतः चालून पाहिला.' एकोणतीस वर्षांत 'स्वतः' हा शब्द त्या रकान्यात पहिल्यांदा आला.

साहेबांची चौकशी लागली. पण जाता जाता त्यांनी एक सही केलीच. शिपाई लखोटा घेऊन आला तेव्हा तो बाईंकडे बघत नव्हता. आत लिहिलं होतं: 'आपली सेवा सीमा कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हा नणंद डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचं मी बघून घेईन, वहिनी. शेजारच्या सुताराला सकाळ-संध्याकाळ हात द्यायला सांगितलंय." नवरा खिडकीबाहेर बघत होता. मग त्यानं त्याच्या पाच-सात शब्दांतला एक काढला.

"जा."

"आणि तुम्ही?"

त्यानं डावा हात उचलला. बाईंना वाटलं, पुन्हा बोट दाखवतोय. पण त्यानं हवेतच एक छोटी बरोबरची खूण काढली, छपाईला हरकत नाही म्हणून पानावर काढायचा तशी. त्या रात्री बाई पुष्कळ रडल्या आणि सकाळी बॅग भरली.

निघायच्या दिवशी शिपायानं आवक-जावक वही पुढे केली. "आदेश मिळाल्याची सही लागते, बाई. इथं." मग म्हणाला, "शेऱ्याचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो."

"एकोणतीस वर्षांत कधी सोडलाय का मी?"

बाईंनी पेन उघडलं. तीच निळसर काळी शाई. सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात, एक अक्षरही न गाळता, मोठ्या अक्षरात लिहिलं:

'वर्ग. निकाली नव्हे.'

शिपायानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून उभा राहिला.